पेटीत नसलेला गंधार

बाई, तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, तरी आज तुम्हालाच लिहायला बसलोय. मी सातवी नापास. जानकीपुरमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायचो आणि रविवारी तिथल्याच साहेबांच्या, म्हणजे तुमच्या यजमानांच्या घरी, तुमच्या मागे तानपुरा घेऊन बसायचो. तुम्ही बांधलेल्या एका चिजेतला गंधार कोमलही नव्हता, शुद्धही नव्हता, मधेच कुठेतरी. पेटीत तो सापडत नाही म्हणून पेटी तुम्ही घरात येऊ दिली नाही. चौक मोहल्ल्यातल्या बैठकीत तो केसभर उतरायचा, घरी जरा चढायचा. मी एकदा विचारलं, "बाई, यातला खरा कुठला?" पान लावता लावता तुम्ही म्हणालात, "अरे, समोर माणसं तर बसू देत, मग कळेल. तू तुझ्या तारा सांभाळ, गंधाराची काळजी करायला मी आहे."

मग तुम्हाला गाताना दम लागायला लागला आणि तुम्हीच म्हणालात, एकदा ती चीज सीडीवर भरून ठेवू. हज़रतगंजच्या स्टुडिओत तुम्ही काचेपलीकडे गाताय, समोर ऐकणारं कोणी नाही. गाणं संपल्यावर थकून रिक्षाने घरी गेलात, तानपुरा आवरायला मी मागे राहिलो. संगणकापुढचा रेकॉर्डिस्ट म्हणाला, "अंकल, मैडम का ये सुर हर बार उतर रहा है. उम्र है न. ठीक कर दूँ? किसी को पता नहीं चलेगा." मला वाटलं, माझ्याच तारा उतरल्या असणार, तुम्ही ऐकलंत तर बोलणी खावी लागतील. मी घाईघाईने म्हटलं, "कर दीजिए, भैया." सीडी हातात आली तेव्हा तुम्ही नव्हतात.

आता तुमची नात त्या सीडीवरून ती चीज बसवते. गळा तुमचाच, गंधार मात्र सरळ पेटीतला. परवा भीत भीत म्हटलं, "बेटा, बाई हा सूर जरा वेगळा लावायच्या." ती हसली. "आजोबा, सीडी में तो यही है. अच्छा, आप गाकर बताइए न, कैसा था?" मी डोळे मिटले, चौकातली बैठक आठवली आणि सूर लावला. ती म्हणाली, "हाँ, यही तो मैं गा रही हूँ!"

तोच होता, बाई, सीडीतला. इतकी वर्षं रोज सकाळी मीही तीच सीडी लावतो. स्टुडिओतलं तिला अजून सांगितलेलं नाही. हा कागद तिच्याच हातात द्यायचा म्हणून लिहायला बसलो होतो, पण आता घडी घालून ठेवतो. मग खरा कसा होता, असं तिने विचारलं तर माझ्याकडे तो नाही.