पाचवी खाच की सहावी

आडेनाऊ,
सोमवार, १४ ऑक्टोबर

प्रिय हार्टमूट,

नमस्कार. तू सुखरूप पोचलास हे तुझ्या निरोपावरून कळलं. इकडे ठीक. सकाळी दहापर्यंत धुकं हलत नाही. शेजारणीने नासपतींची टोपली दारात ठेवली आहे. एकट्या माणसाने एवढ्या नासपती खाव्यात कशा, हा प्रश्न तिला पडत नाही.

तू लिहिलं आहेस, "अरे, थोड्या सेकंदांचा तर फरक. इतकं काय मनाला लावून घ्यायचं?" म्हणजे शनिवारी रिंगच्या शर्यत-मार्गाच्या वाहनतळावर तू दोन हातांत दोन कॉफ्या घेऊन आलास आणि मी तुझ्यावर खेकसून निघून गेलो, ते माझी जुनी गाडी तुझ्या नव्या गाडीपुढे हरली म्हणून, असा तुझा समज झाला. फोनच्या काचेवर बोटाने टकटक करून उत्तर द्यायची मला सवय नाही, म्हणून कागद घेतला. आधी गाड्यांचं लिहितो. तेवढं मला नीट येतं.

तुझी निळी वेगवान आहे. रिंगवर घड्याळ लावायला बंदी, म्हणून मी लावलं नव्हतं. पण जंगलातल्या त्या वीस किलोमीटरांत कुठल्या वळणाला किती वेळ जातो हे माझ्या पोटाला ठाऊक आहे. माझ्या करड्या गाडीपेक्षा चारशे किलोने जड असून निळी प्रत्येक चढावर पुढे. पाचशे दहा अश्वशक्ती, दोन टर्बो, चारही चाकांना ताकद. मी करडीचं सहा सिलेंडरांचं इंजिन तीन वेळा उघडलं, पिस्टन एकेक करून स्वतः तोलले, आणि ते तीनशे चाळीसवर आणलं. त्याला अकरा वर्षं गेली. मी काही शिकलेला इंजिनियर नाही, डेअरीतली बाटल्या भरायची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. तुला दुकानात सही करून चावी मिळाली. पण परिणाम तो परिणाम. निळीचे ब्रेकही चांगले. कोल्हेबिळाच्या उताराच्या तळाशी, जिथे गाडी दबते आणि पोट तोंडात येतं, तिथे ती रेषाही सोडत नाही.

आता दुसरी बाजू. करडीचं स्टिअरिंग हाताशी बोलतं. निळीचं बोलत नाही, निरोप पाठवतं. टायर सुटायला लागला हे करडीत ढुंगणाला कळतं, निळीत दिवा लागल्यावर. आणि तो आवाज. तुझ्या गाडीचं गुरगुरणं स्पीकरमधून येतं हे मला दुसऱ्या वळणापर्यंत कळलं नव्हतं. कळल्यावर मी तुला म्हणालो, "म्हणजे कुत्रा पाळायचा नाही आणि भुंकण्याची टेप लावायची." तू म्हणालास, "शेजाऱ्यांना चावत नाही ना, मेहुणेबुवा." तू मला मेहुणेबुवा म्हणालास. दोन वर्षांनी. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण लिंडेच्या दफनानंतर कॉफी आणि केकच्या टेबलावर मीच तुला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, की तुझी बहीण गेली, आता आपण कुणाचे मेहुणे राहिलो नाही. तू फक्त एवढंच म्हणाला होतास, "आता तरी ती गाडी विकून टाक."

तर पहिली फेरी अशी झाली. तू चालवत होतास, मी शेजारी. तुझा डावा पाय सगळा वेळ दुपारच्या मांजरासारखा पडून होता. क्लचच नाही, तर काय करील बिचारा. मला हसू आलं.

"हस बाबा," तू म्हणालास. "गुडघा दुखायला लागला की येशील माझ्याकडे."

मग तुझी पाळी करडीवर.

हार्टमूट, तू करडीत बसण्याआधी मी तुला काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. तुला आठवत असेल, मी म्हणालो, "तेल ऐंशी अंशांवर गेल्याशिवाय चार हजारांच्या वर नेऊ नकोस." ते सांगायचं नव्हतं.

तू दार उघडलंस. तुझी उंची एक मीटर ब्याण्णव. तू सीटखाली हात घातलास, खिटी वर ओढलीस आणि पाठीने ढकललंस. कट कट कट कट. "कुणासाठी लावलीय ही सीट," तू म्हणालास, "बाहुलीसाठी?"

चूक तुझी नाही. कुणीही हेच केलं असतं. मी शेजारी बसलो, पट्टा लावला आणि तू गाडी कशी चालवतोस ते बघत राहिलो. तू बरी चालवलीस. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना घाई करतोस.

ती सीट लिंडेने लावलेली होती.

मी गाडी बांधायचो, ती चालवायची, हे तुला माहीत आहे. गावाला मात्र अजून वाटतं की रिंगवर करडी पळवायचा तो फोल्कमार, बायको शेजारी डोळे मिटून. मी चालवली तर गाडीचं नुकसान होत नाही, एवढंच माझ्याबद्दल म्हणता येईल. तिने शेवटची चालवली ती ती गेली त्या वर्षीच्या ईस्टरच्या शनिवारी, बेकरीपर्यंत आणि परत. चावी खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "आता तूच फिरवत जा अधूनमधून, बॅटरी मरेल." तेव्हापासून ती सीट कुणी हलवली नव्हती. मी दर पंधरवड्याला करडी बाहेर काढत होतो, गुडघे स्टिअरिंगला लावून, डोकं वाकवून. गेल्या वर्षी तपासणीला नेली तेव्हा तिथला बेर्टोल्ड म्हणाला, "उतर, मी तपासायच्या खड्ड्यावर घेतो." मी म्हटलं, "सीट हलवायची नाही." तो म्हणाला, "का, अडकलीय? मग नापास." मी म्हटलं, "अडकलेली नाही. हलवायची नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पोट आत घेऊन तसाच बसला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "फोल्कमार, तुला मोठी गाडी लागते."

तू विचारशील, मग मोजून का नाही ठेवलंस? मी चाकांचा कल अंशाच्या साठाव्या भागापर्यंत मोजणारा माणूस. व्हॉल्व्हची फट शतांश मिलिमीटरपर्यंत. खरं आहे. सीटच्या पट्टीला दहा खाचा आहेत, मोजायला श्वासभराचा वेळ पुरला असता. पण जी वस्तू हलणार असते तीच माणूस मोजून ठेवतो.

आता निळीकडे येतो, म्हणजे मी ओरडलो त्याकडे.

फेरी संपली. तू निळीची चावी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "मी कॉफी आणतो. तोवर बस आत, बटणं दाबून बघ, तुला आवडतं ना सगळं उलगडायला." मी बसलो. दारावर सीटची जागा लक्षात ठेवणारी तीन बटणं. एक, दोन, तीन. एक दाबलं, सीट जागची हलली नाही. तो तू. मग दोन दाबलं.

सीट पुढे सरकायला लागली. सरकतच राहिली. मग वर उचलली गेली. पाठ सरळ झाली. माझे गुडघे स्टिअरिंगला लागले आणि ती थांबली. हार्टमूट, माझ्या गुडघ्यांना ती जागा माहीत आहे. अडीच वर्षं मी तिथेच बसतो आहे.

तरी मी मनाशी म्हटलं, कुणीही बुटकं माणूस असेल, तुझी एखादी ओळखीची बाई असेल. तेवढ्यात डावीकडचा आरसा आपोआप हलला. खाली, आणखी खाली, इतका खाली की त्यात रस्ता दिसेना, मागचं चाक दिसायला लागलं. असा आरसा या जगात एकच माणूस लावायचं. "मागून कोण येतंय ते येणारा बघेल," म्हणायची, "मला माझं चाक कुठे आहे ते बघायचंय." करडीचा आरसा हाताने फिरवायचा, तो धुताना केव्हाच हलून गेला होता. मी विसरलोही होतो.

म्हणजे ती तुझी गाडी चालवून आली होती. मला न सांगता. आणि तुझ्या गाडीने ते लक्षात ठेवलं होतं, आणि माझी गाडी एका हिसक्यात विसरली होती.

तेवढ्यात तू दोन कॉफ्या घेऊन आलास आणि हसत म्हणालास, "काय, मग कोण जिंकलं?" आणि मी म्हणालो ते म्हणालो. माझ्या दारात पाऊल टाकू नकोस, असं म्हणालो. ते मागे घेतो.

मग करडीत बसून घरी आलो, तुझ्या सीटवर. अडीच वर्षांत पहिल्यांदा माझे पाय सरळ होते. रस्ता छान दिसत होता. घाटात मला जाणवलं की मी आरामात बसलोय, तशी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ तिथेच थांबलो.

रात्रभर मी तुझ्यावर चिडून होतो. पहाटे कधीतरी तुझा तो झोपलेला डावा पाय आठवला.

त्या वर्षी मार्चमध्ये लिंडे माझ्या कामाच्या जागेत आली होती. उपचार सुरू होते, दर दोन आठवड्यांनी एक दिवस ती कशालाच उठायची नाही. दारात उभी राहून म्हणाली, "क्लच जरा हलका करता येईल का रे?" मी इंजिनाखाली होतो. मी म्हटलं, "एवढ्या ताकदीला हलका क्लच टिकणार नाही. घसरेल." ती म्हणाली, "बरं." आणि गेली.

उत्तर बरोबर होतं. आजही बरोबर आहे. कुठल्याही जाणत्या माणसाला विचार.

मे महिन्यात ती म्हणाली, हार्टमूटकडे जाऊन येते, शतावरीचा हंगाम आहे. परत आली ती शतावरीच्या कोंबांच्या दोन जुड्या घेऊन. गाल लाल होते. मला वाटलं उन्हाने. मी त्या पांढऱ्या शतावरी सोलल्या, ती टेबलाशी बसून बघत होती आणि मधेच स्वतःशी हसली. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही. जाड सोलतोयस." सप्टेंबरात ती गेली.

तिला एकदा जोरात जायचं होतं. माझ्या गाडीचा क्लच तिच्या पायाने दाबला जात नव्हता, म्हणून ती तुझ्याकडे आली. आणि मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही. मी असं धरून चालतो. तुला वेगळं माहीत असेल तर वेगळं लिही, पण खरं लिही.

आता काम. तू म्हणालास की निळी भाड्याची आहे आणि नोव्हेंबरअखेर कंपनीला परत जाणार. ती परत करण्याआधी इकडे ये. तोवर दोन नंबरचं बटण कुणालाही दाबून धरू देऊ नकोस. मी त्यातल्या पडद्यावर वाचलं आहे, धरून ठेवलं की ते जुनं पुसून नवं पाठ करतं. गाडी धुणाऱ्यालाही सांग. मी पट्टी घेऊन तयार असेन. पेडलपासून सीटच्या कडेपर्यंत, आणि सीटपासून स्टिअरिंगपर्यंत. दोन गाड्यांची मापं थेट जुळणार नाहीत, हे मला कळतं. तुझ्या गाडीत तिला क्लच दाबायचा नव्हता, म्हणजे थोडं मागे बसली असेल. ते मी वजा करीन. करडीच्या पट्टीवर पाचव्या खाचेशी घासल्याची चमक आहे, ती तिच्या चांगल्या वर्षांची. पण त्या ईस्टरला पाय पोचत नव्हता म्हणून तिने सीट आणखी एक खाच पुढे घेतली होती का, सहावीवर, हे मला माहीत नाही. मी दोन्हीवर बसून पाहिलं. गुडघे दोन्हीकडे लागतात. फरक बोटाच्या एका पेराचा आहे.

सहावी निघाली, तर ती बेकरीपर्यंतसुद्धा कशी गेली असेल याचा मला विचार करावा लागेल. तरी मला कळलं पाहिजे.

आणि एक. कोल्हेबिळाच्या तळाशी करडी दबायची तेव्हा ती मोठ्याने हसायची, दर वेळी, लग्नाआधीपासून. तू तिला रिंगवर नेलं होतंस, की तुमच्याकडच्या हायवेवरच? रिंगवर नेलं असशील, तर त्या उताराला ती हसली का? निळीत हसली असेल तर मला सांग. मला ते चालेल. जुनी चांगली की नवी, यात मला आता एवढंच विचारायचं आहे.

काल रविवार असूनही मी करडीचा गिअरबॉक्स उतरवला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "आज तरी हातोडा ठेवा खाली." तिला नासपतीबद्दल धन्यवाद दिले आणि काम चालू ठेवलं. हलका क्लच मिळाला आहे, मूळ गाडीचा, निम्म्या जोराने दाबला जाणारा. तू येशील तेव्हा बसवलेला असेल. चौथ्या गिअरमध्ये, चढावर, पूर्ण ताकद दिली की तो घसरेल. मी तिला सांगितलंच होतं.

खोली गरम करून ठेवतो. वरची, तिची शिवणाची. पलंग लहान आहे, तुझे पाय बाहेर येतील.

तुझा मेहुणा,
फोल्कमार