माहेरचा बेल

आत्याबाई,

सकाळच्या एस.टी.नं मुरगूडला, तुमच्या माहेरी गेलेय. दुपारपर्यंत येते. भाकरी डब्यात हायत, आमटी तेवढी गरम करून घ्या.

डॉक्टरांनी आजपासून तुम्हाला जिना चढायची मोकळीक दिलीय, पण मी येईपर्यंत गच्चीवर जाऊ नका. तुम्ही माहेरच्या झाडाखालनं आणलेला बेल मेला. पश्चिमेच्या वाऱ्यानं कुंडी पडंल म्हणून जूनमध्ये मीच ती टाकीच्या आडोशाला सरकवली. गच्चीचा उतार तिकडंच हाय, हे ध्यानातच आलं न्हाय. महिनाभर कुंडी पाण्यात बसली आणि मुळं कुजली. बाकीच्या कुंड्या आता विटांवर चढवल्यात.

पंधरा दिवस तुमच्या पूजेला मंडईतली पानं आणून ठेवतेय. आज ताटात बेल ठेवायला मन धजलं न्हाय. तुमच्या माहेरच्या त्याच झाडाखालचं रोप घेऊन येते. ह्या बारीला जागा तुम्हीच दाखवा.

परवा ताट बघून तुम्ही म्हणाला, "पोरी, पानं किती टवटवीत आलीत, तुझा हात मानवला की झाडाला!"

मी "व्हय" म्हणाले.

शिवांजली