तळहातावरची दुसरी गोळी

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, २६ मे २०२४

चि. सावनी,
अनेक आशीर्वाद.

रोज फोनवर बोलणं होत असताना बाबांचं पत्र कशाला, असं तुला वाटेल. आपला फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि आई हाताच्या अंतरावर असते. जे सांगायचंय ते तिच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. चौतीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांची पत्रं आवक-जावकला लावली, पण स्वतःचं लिहायला बसलो तर सकाळपासून तीन कागद फाडून झालेत.

इकडचं सांगतो. नळाला आज नवव्या दिवशी पाणी आलं. नव्या पाइपलाइनसाठी गल्ली पुन्हा खणून ठेवलीय. छावणीतून इकडं यायचं म्हटलं की रिक्षावाला हात जोडतो. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर सात मजले उभे राहिले आणि त्यांनी बोअर घेतल्यापासून आपला आटला. तुळस वाळली. पाणी घातलं का, असं आई आतून विचारते आणि मी घातलं म्हणतो. खोटं बोलणं इतकं अंगवळणी पडलंय की आता तुळशीपायीसुद्धा बोलतो.

आईची तब्येत तुला वाटते त्याहून वाईट आहे. डोळे पिवळे झालेत, पोटात पाणी धरलंय. दोन घास खाल्ले की ताट सरकवते.

आता मुद्द्याचं. डॉ. हिमानींविरुद्ध तू हॉस्पिटलकडे जी तक्रार केलीस, ती मागे घे. 'कॅन्सरच्या गोळीनं आईच्या हृदयावर परिणाम झाला आणि मग घाबरून डॉक्टरांनी ती गोळीच बंद केली', असं तू लिहिलंस. पाठवायच्या आधी मला दाखवलंस. मी त्यातली दोन वाक्यं नीट करून दिली. सावनी, त्या वेळी मला सगळं माहीत होतं.

सरळ सांगायला जमत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगत येतो.

आईला बारा वर्षांपासून थायरॉइडची गोळी आहे, सकाळी अनशापोटी घ्यायची. ती विसरायची म्हणून ते काम माझ्याकडं आलं. तिचं बालपण तिच्या वडिलांच्या देवळात गेलेलं. तीर्थ घेताना हातावर काय पडलं ते बघायचं नाही, विचारायचं नाही, ही तिची शिस्त. मी थट्टेनं म्हणायचो, "घ्या तीर्थ!" अंघोळ करून ती देवासमोर बसलेली, डोळे मिटलेले, उजवा तळहात पुढं. मी त्यावर गोळी ठेवायची, मागून पळीनं पाणी द्यायचं. तू हसायचीस आम्हाला.

गणपतीत आईच्या यकृतात गाठ निघाली. दारूचा थेंब नाही, कावीळ नाही, मग यकृताचा कॅन्सर कसा, हे मी डॉ. हिमानींना दहादा विचारलं. त्या म्हणाल्या, यकृतात वर्षानुवर्षं चरबी साठत गेली की होऊ शकतो, आणि थायरॉइड कमी असलेल्या माणसांत ही चरबी जास्त दिसते. कॅन्सरची रोजची गोळी सुरू झाली. त्या गोळीनं थायरॉइड आणखी खाली ओढलं, तेव्हा जानेवारीत त्यांनी थायरॉइडच्या गोळीची ताकद थोडी वाढवली. तेवढं पुरे होतं.

पण तुझ्या बापाला वाचायची खोड. मोबाइलवर एक लेख सापडला. यकृतात गाठी असलेल्या उंदरांना थायरॉइडचं हार्मोन दिलं आणि त्यांच्या गाठी विरघळल्या. मी तो चार वेळा वाचला. इंग्रजी मला येतं याचा मला किती ताठा, तुला ठाऊक आहे. मला वाटलं, आपल्या घरात बारा वर्षं औषध आहे आणि हे लोक ते चिमटीनं देतायत! डॉक्टरांना विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या, म्हणून विचारलं नाही. औरंगपुऱ्यातून गोळ्यांची दुसरी बाटली आणली आणि स्कूटीच्या डिकीत ठेवली. महाशिवरात्रीपासून तिच्या तळहातावर एकाऐवजी दोन गोळ्या ठेवायला लागलो. तिनं डोळे उघडले नाहीत.

आणि सावनी, ती उठली! तीन आठवड्यांत पलंगावरून उठून गच्चीवर गेली. कुरड्यांचा चीक घाटला, ऊन सोसून कुरड्या घातल्या. तुला ट्रॅव्हल्सनं डबा पाठवला तो त्यातलाच. तू फोनवर रडलीस, "आई बरी होतेय." मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. शेजारच्या मनकर्णाबाई मात्र म्हणाल्या, "काका, ताई लई बारीक झाल्या हो. हात बघा कसे कापतेत. जरा दाखवून आणा की." मला त्यांचा राग आला. अडाणी बाई, हिला काय कळतंय, असं मनात म्हणालो.

अठरा एप्रिलला, पाणी आलं त्या दिवशी, बादली उचलताना ती पडली. छातीचे ठोके मोजता येईनात. हॉस्पिटलात रक्त तपासलं तर थायरॉइड भयंकर वाढलेलं. आईला आत घेतलं होतं. डॉ. हिमानींनी बाहेर येऊन मला विचारलं, "काका, थायरॉइडची गोळी रोज किती देता?"

मी म्हणालो, "एक."

दुसरं काही नाही, नुसतं 'एक'. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. कॅन्सरच्या गोळीनं ग्रंथीला सूज येऊन साठलेलं हार्मोन कधी कधी एकदम बाहेर पडतं, तसंच झालं असावं, असा त्यांनी निष्कर्ष काढला. म्हणून कॅन्सरची आणि थायरॉइडची, दोन्ही गोळ्या बंद झाल्या. कॅन्सरची जी गोळी गाठीला धरून ठेवत होती, ती माझ्या एका शब्दानं बंद झाली. तेव्हापासून पाच आठवडे गाठ मोकळी वाढली.

रोज ठरवत होतो, उद्या सांगू. मध्येच तुझी तक्रार गेली. मग तर वाटलं, आता सांगितलं तर तूही तुटशील.

शेवटी परवा एकटाच जाऊन सांगून आलो. बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून लेबल वाचलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी लेखाबद्दल विचारलं. म्हणाल्या, "काका, त्या उंदरांच्या गाठी अगदी सुरुवातीच्या होत्या. वाढलेल्या कॅन्सरमध्ये हेच हार्मोन उलटंही वागू शकतं. नक्की काय होतं, ते अजून कुणालाच माहीत नाही." मी विचारलं, कॅन्सरची गोळी पुन्हा सुरू करता येईल का? त्यांनी नवे रिपोर्ट माझ्याकडं वळवले. "त्याच आठवड्यात कळलं असतं, तर काही दिवसांत सुरू केली असती. आता यकृताला ती पेलणार नाही." तुझ्या तक्रारीचा त्यांनी शब्द काढला नाही. थायरॉइड पुन्हा खाली गेलंय, तेव्हा आईची साधी गोळी रोज एक सुरू करा, एवढं लिहून दिलं. मी दाराशी पोचलो तेव्हा म्हणाल्या, "एकच हं, काका."

कुणाचं भलं करायला गेलो, असं म्हणून मला सुटता येत नाही. भलं करायचं होतं ते गोळी देताना. 'एक' म्हणालो ते फक्त स्वतःला वाचवायला.

आता आज सकाळचं सांगतो आणि थांबतो. पाच आठवड्यांनी पुन्हा गोळी द्यायची होती. आईला देवासमोर बसवत नाही, म्हणून पलंगावरच उशीला टेकवलं. तिनं डोळे मिटले, तळहात पुढं केला. हात इतका हलका झालाय की मी खालून धरला. 'घ्या तीर्थ' म्हणवलं नाही. गोळी ठेवली. तिनं अंगठा तळहातावरून फिरवला.

"आज एकच?"

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. विचारायचं नाही म्हणून विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "डॉक्टरांनी कमी केली."

"वाढवली होती तीही त्यांनीच ना?" ती म्हणाली. "सावनी बरोबर बोलते. त्या डॉक्टर पोरीच्या हाती जायलाच नको होतं. तुम्ही होता म्हणून एवढे दिवस तरी निघाले."

मी पळीनं पाणी दिलं. तिनं गोळी गिळली आणि ओला हात नेहमीसारखा डोळ्यांना लावला.

तू ये. डॉक्टर दिवस सांगत नाहीत, पण मला दिसतंय. येताना हे पत्र घेऊन ये आणि आईला वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून दाखव, काही गाळू नकोस. मला बोलवत नाही, पण मी तिच्यासमोर बसेन. तिचे डोळे त्या वेळी उघडे असू देत.

'तुझे बाबा' असं लिहायला हात रेटत नाही, म्हणून नुसता,

अनंत