जबलपूरची तारीख

पावर हाउस, भिलाई
११ डिसेंबर १९६७

प्रिय शैला,

अनेक आशीर्वाद. ट्रंक कॉलवर तू म्हणालीस, "काका, कन्यादान तुम्ही केलंत, आता अग्नीही तुम्हीच द्या." मी हट्ट केला नाही. शुक्रवारी संध्याकाळी तुझ्या बाबांना मी अग्नी दिला. स्मशानात इतकी माणसं होती की लाकडं हातोहात पुढे आली. फक्त तू नव्हतीस. येत्या रविवारी शिवनाथ नदीच्या घाटावर दहावा आहे. तू ये, एवढंच मला सांगायचं आहे. पण नुसतं 'ये' म्हटल्याने तू येणार नाहीस हेही मला माहीत आहे, म्हणून सगळं लिहायला बसलो.

तुझे बाबा आणि मी हिंगणघाटकडच्या एकाच शाळेत शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसलो. तो पुढे शिकला, नागपुरात वकील झाला. मी मालधक्क्यावरचा क्लार्क. बदली होऊन मी इथे आलो तेव्हा कारखान्याच्या जागी नुसता मुरूम उकरलेला होता. इथल्या मजुरांचे हाल मी त्याला कळवले आणि तो नागपूरची चालती वकिली सोडून तुम्हा दोघींना घेऊन आला. कलावतीवहिनी मला म्हणाल्या होत्या, "भाऊजी, तुमी नसतं कळवलं तर बरं झालं असतं." हसून म्हणाल्या होत्या, पण म्हणाल्या होत्या.

बाजारातल्या त्या टिनाच्या शेडखाली त्याचं टेबल होतं, तुला आठवत असेल. अपघाताची केस आली की आधी तो सायकल काढून जागा बघून यायचा, परांची चढून जायचा, मग कागदाला हात लावायचा. मजुरांशी बोलता यावं म्हणून छत्तीसगढी शिकला. बायका तोंडाला पदर लावून त्याच्या बोलण्याला हसायच्या, तो आणखी चुकीचं बोलून त्यांना हसवायचा. हजेरीच्या नंबराचा पितळी बिल्ला कमरेच्या करगोट्याला बांधा, असं प्रत्येकाला बजावायचा. "ठेकेदार माणूस विसरते, बिल्ला कसा विसरन?" मी त्याला म्हणायचो, अरे, सकाळी दोन मिनिटं देवापुढे उभा राहत जा. तो म्हणायचा, "तू उभा राह्यतं ना गा, माह्यावाली हजेरी तूच लावून दे." मी रोज लावत आलो. आजही लावली.

आता तुझ्या लग्नाचं. मांडवात तू दाराकडे बघत होतीस. सकाळी त्याच्या टेबलाशी काम करणारा चंपत चिठ्ठी घेऊन आला होता, जबलपूरला हायकोर्टात अचानक तारीख लागली, देवीदास आणि राधाबाईंनी, म्हणजे मी आणि तुझ्या काकूने, कन्यादान करावं. तुझे सासरे बाबाराव म्हणाले, "अशी कोणती तारीख बाप्पा, पोरीच्या लग्नाहून मोठी?" वहिनी भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसल्या, निवडलेलेच तांदूळ. मी पाटावर बसलो. तुझा हात माझ्या हातात आला तेव्हा तो थंड होता. मला लेकरू नाही, शैला. त्या क्षणी मला आनंदही झाला आणि त्याच्यावर फार रागही आला.

बऱ्याच दिवसांनी तो परतला तो डोक्याचा गोटा करून, मिशीसुद्धा नाही. मला वाटलं, लेकीच्या लग्नाला चुकला म्हणून कुठे तीर्थावर जाऊन आला. मी चिडवलं, "कावून रे, नास्तिकानं मुंडण केलं?" म्हणाला, "जबलपूरचा न्हावी लई उत्साही निंगाला." मी हसलो. तू मात्र त्यानंतर इथे आलीस ती वहिनी गेल्या तेव्हा त्यांच्या दिवसांनाच, आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता गेलीस. तो दाराशी उभा होता. मी बघत होतो.

काल अस्थी गोळा करून आलो तर ओट्यावर हिरा बसली होती. मजुरांच्या कॅम्पात राहते, विटा वाहते. तिने पहिलं विचारलं, "बेटी नइ आइस?" मी नाही अशी मान हलवली. मग तिने सांगितलं.

तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिचा नवरा दयाराम परांचीवरून पडून मेला. दोघांनी जातीबाहेर लग्न केलेलं, त्याच्या भावांनी प्रेताला हात लावायलाही नकार दिला. तुझे बाबा केससाठी तिथे गेले होते. त्यांनी अग्नी दिला. अग्नी देणाऱ्याने दहा दिवस सुतक धरायचं, दहाव्याला मुंडण करायचं, हे तू जाणतेस. भाऊबंद बघायला टपलेले होते. तो मध्येच उठून गेला असता, तर दयाराम बेवारशी गेला म्हणत त्यांनी हिराला जगू दिलं नसतं. आणि तुझ्या सासरचं सोवळं किती कडक, हे तुला सांगायला नको. सुतकातला माणूस मांडवात आला असता, किंवा ही गोष्ट नुसती कानावर गेली असती, तरी बाबारावांनी वऱ्हाड परत नेलं असतं.

म्हणून जबलपूर. जबलपूरला तो गेलाच नव्हता. त्या दिवशी तो कॅम्पातल्या हिराच्या झोपडीपुढे घोंगडीवर बसून होता. आपल्या मांडवातली वाजंत्री तिथे स्पष्ट ऐकू येत होती. हिरा म्हणाली, "बाजा सुनके वकील साहेब रोवत रहिस." रडत होता, शैला. नंतरही त्याने तिला कुणाला सांगू दिलं नाही. लेकीला सासरी बोल लागतील, म्हणायचा. वहिनीसुद्धा जबलपूरच खरं मानून गेल्या.

त्याने बरोबर केलं का, मला ठरवता येत नाही. पोथीत बघितलं, तिथे नाही. हिराच्या दारी त्याने जे राखलं ते पुण्यच, पण त्यासाठी तुझ्यापाशी जे मोडलं ते त्याला शेवटपर्यंत जोडता आलं नाही.

हिराने मला विचारलं, आता तरी सांगाल ना? म्हणून हे पत्र. गुरुजींना मी सांगून ठेवलं आहे की रविवारी पिंड शैला ठेवेल. बाईने करत नाहीत, असं ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी गुरुजींचं ऐकलं नाही. शनिवारी सकाळच्या गाडीला मी दुर्ग स्टेशनावर येईन, हिराही येते म्हणते. तिच्यावर रागावू नकोस. त्याच्यावरचा राग सोडून ये असंही मी म्हणत नाही. राग घेऊनच ये. घाटावर उभी राहा आणि त्याला काय बोलायचं ते बोल. आठ वर्षं तो तेवढ्याचीच वाट बघत होता.

तुझाच,
देवीदासकाका