गोळीला कात्री

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर अजून धरलेली आहे, तेव्हा हा साष्टांग खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे ही ठीक आहे आणि मी तिच्या ताब्यात आहे.

तुझं पत्र मिळालं. रक्तदाबाची गोळी महाग पडते म्हणून तू ती एक दिवसाआड घ्यायला लागलीस आणि 'अजून तरी काही बिघडलेलं नाही' असं वर लिहिलंस. शिवाय मलाच विचारतेस, 'औषधाचे पैसे वाचवायची तू म्हणे काही युक्ती काढली आहेस, ती मला कळव.' ताई, माझी कीर्ती तुझ्यापर्यंत पोचली हे बरं झालं, पण ती अर्धीच पोचली. उरलेली अर्धी ऐक आणि मग काय ते ठरव.

त्याचं असं झालं. हिच्या एका गोळीवर मधोमध रेघ असते. आमच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, दुप्पट ताकदीची गोळी आणा आणि रेघेवर मोडून अर्धी अर्धी घ्या, स्वस्त पडेल. झालं, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर कापड बेतलं, बापाच्या पँटच्या कापडातून पोराची चड्डी काढून दिली, आणि मला एक गोळी कापता येऊ नये? आता माझ्या रक्तदाबाच्या गोळीवर रेघबिघ काही नव्हती. (नसेना का. साध्या कापडावर तरी कुठे रेघ असते, आपणच खडूनं मारतो ना.) औषधवाल्याच्या मागे लागून दुप्पट ताकदीची पट्टी आणली आणि काजाच्या बारीक कात्रीनं एकेका गोळीचे असे दोन तुकडे केले की बघत राहावं. ही म्हणाली, आधी डॉक्टरांना विचारा. मी म्हटलं, कापायच्या कामात मी कोणाला विचारत नसतो.

त्या गोळीचा स्वभाव मला काय माहीत. ती म्हणे दिवसभर अंगात हळूहळू विरघळावी अशीच बनवलेली असते, आणि कापली की सगळी ताकद एकदम सुटते आणि रक्तदाब धाडकन खाली येतो. हे ज्ञान मला आमच्या गिऱ्हाइकांतल्या मुख्याध्यापकांचं माप घेताना झालं. खाली बसून पँटची उंची घेतली, उठून त्यांच्या कमरेभोवती टेप फिरवली, आकडा वाचायला गेलो तर आकडाच दिसेना. मग मुख्याध्यापकही दिसेनात. पडताना माणूस हाताला लागेल ते धरतो. माझ्या हातात टेप होती आणि टेपमध्ये मुख्याध्यापक होते. दोघंही आडवे. मी खाली, ते वर, आणि माझ्याखाली कोणाचा तरी अर्धवट शिवलेला लग्नाचा कोट. पण खरंच देवमाणूस. कपडेसुद्धा न झटकता त्यांनी मला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. त्यांच्या पाठीवर माझा खडू लागलेला होता, आणि मी शेवटपर्यंत टेप काही सोडली नव्हती असं म्हणतात.

वाचवलेले पैसे दवाखान्यात पहिल्याच दिवशी गेले, वर आणखी गेले. (कमरेचा पट्टा वेगळा.) पण पैशाचं सोड. शुद्धीवर आलो तेव्हा ही खाटेशेजारी माझा हात दोन्ही हातांत धरून बसली होती आणि 'सांगितलं होतं ना' असं एकदाही म्हणाली नाही. ही तसं म्हणत नाही म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. ताई, मी फार घाबरलो.

मग डॉक्टरीणबाई आल्या. वयानं आपल्या भाचीएवढ्या. त्यांनी विचारलं, महाग पडत होतं तर मला का नाही सांगितलंत? आता काय सांगणार कपाळ. आपल्या घरात सगळं शिकवलं, पण 'परवडत नाही' हे बाहेरच्या माणसाला सांगायला कोणी शिकवलं नाही. दुकानात किंमत ऐकली की तू 'रंग नाही आवडला' म्हणतेस आणि मी 'घरी विचारून येतो' म्हणतो. त्या दिवशी मात्र मी मान वर करून स्पष्ट सांगितलं, बाई, परवडत नाही. आणि गंमत म्हणजे त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी माझ्या सगळ्या गोळ्या समोर मांडायला लावल्या. पित्ताची एक गोळी कधीकाळी थोड्या दिवसांपुरती दिलेली होती, ती मी पित्त गेल्यावरही इमानेइतबारे गिळत होतो. ती बंद केली. बाकीची औषधं तीच, पण जेनेरिक लिहून दिली आणि कुठल्या दुकानात मिळतील तेही सांगितलं. एकही गोळी न कापता खर्च निम्म्यावर आला. तेव्हा युक्ती म्हणशील तर तोंड उघडायचं, एवढीच आहे.

म्हणून सांगतो, आजपासून गोळी रोज घे. 'काही बिघडलेलं नाही' असं मीही त्या मापाच्या वेळेपर्यंत म्हणत होतो. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. तू डॉक्टरांना काही सांगणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिथे जाऊन हवापाण्याच्या गप्पा मारून परत येशील. म्हणून गुरुवारी मी येतो. आपण बरोबर जाऊ. तू नुसती बस, बोलायचं ते मी बोलतो.

आणखी एक ता. क. हे पत्र हिनं वाचलं आणि म्हणाली, खरं काय ते लिहा. तर खरं असं, की 'परवडत नाही' हे मी नाही, ही म्हणाली. मी तेव्हा डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं होतं. तेव्हा गुरुवारी हीसुद्धा येते आहे. तोवर एकही दिवस गोळी चुकवू नकोस, ताई, मला तू अजून पुष्कळ वर्षं हवी आहेस. डॉक्टरांशी ही बोलेल. आपण दोघं भावंडं शेजारी शेजारी बसून खाली बघू.