एकही तक्रार नाही

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षं सदुसष्ट, धंदा दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढणं (आता निवृत्त, खोड कायम), माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे लावून ठेवत आहे. माझं संपूर्ण नाव सहीतच वाचावं. आजवर कुठल्याही फॉर्मच्या चौकटीत ते पुरतं मावलेलं नाही, आणि अर्धवट नावाने मरायची माझी तयारी नाही.

माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पहिल्या दाखल्यात मी पुरुष होते, कारण त्यांच्या संगणकात तो पर्याय आधीच निवडलेला असतो आणि बदलायला कुणी जात नाही. दुसऱ्यात माझं वय शून्य आलं. तिसरा बरोबर आहे, तोच धरावा.

माझ्या हृदयाची झडप आता दुरुस्तीच्या पलीकडे गेली, हे डॉक्टरांनी फार गोड शब्दांत सांगितलं. ठीक आहे. मला माझी काळजी नाही. काळजी आहे ती आमच्या ह्यांची. मी गेल्यावर ह्यांना याच घरात, एकट्याने आणि मानाने राहता यावं. आमचे चिरंजीव म्हणतात, "बाबांना साधा गीझर लावता येत नाही, घर विका आणि त्यांना माझ्याकडे पाठवा." हे म्हणतात, "जमेल मला." हे मृत्युपत्र त्या एका वादाचा निकाल आहे. बाकीचं सगळं ओघाने.

कलम पहिलं: घर

तिसऱ्या मजल्यावरची ही सदनिका माझ्या स्वकष्टाची आहे. ती माझ्यामागे तहहयात ह्यांची. त्यांच्या हयातीत ती कुणी विकू नये, भाड्याने देऊ नये आणि "बाबा, जरा विचार करा ना" असं लाडीगोडीने म्हणूही नये. त्यांच्यानंतर मुलगा आणि मुलगी यांना निम्मी-निम्मी.

घराबरोबर घराच्या खोडीही ह्यांना मिळतात. अंघोळीच्या नळाला निळी खूण म्हणजे गरम आणि लाल म्हणजे थंड, कारण प्लंबरने पाइप उलटे जोडले आणि वर मलाच म्हणाला, "ताई, सवय होईल." झाली सवय. दिवाणखान्यातल्या बटणांच्या पाटीवर डावीकडचं बटण उजवीकडचा दिवा लावतं, मधलं पंखा, आणि शेवटचं काय करतं हे देवालाही ठाऊक नाही. लिफ्टचं बटण दोनदा दाबलं तर ती आपली वर्दी विसरते, म्हणून एकदा दाबून गप्प उभं राहावं. धुलाईयंत्राचं बटण मात्र दाबून धरावं लागतं. ज्याला जे लागतं ते द्यावं, संसारात दुसरं काय असतं.

कलम दुसरं: बोलणारं कुलूप

दाराला बसवलेलं आकड्यांचं बोलणारं कुलूप चिरंजीवांनी मोठ्या प्रेमाने आणलं. त्याचं प्रेम मला मान्य आहे, कुलूप मान्य नाही. ते आधी "स्वागत आहे" म्हणतं आणि मग उघडत नाही. दाराला खांदा देऊन जरा वर उचलावं लागतं. घरात येणाऱ्या माणसाने रोज स्वतःच्या दाराशी कुस्ती खेळावी, ही कुठली सोय? हे कुलूप मी मानाने परत चिरंजीवांनाच देते. त्यांनी ते स्वतःच्या दाराला लावावं आणि एका पावसाळी दिवशी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरी यावं. इथे जुनं किल्लीचं कुलूप परत बसवावं.

कलम तिसरं: बँकेतली शिल्लक

शिल्लक जी असेल ती ह्यांची. ती काढायची कशी हा खरा प्रश्न आहे. बँकेचं ॲप मोबाइलवर एक आकडा पाठवतं. तो आकडा बघायला निरोप उघडला, की ॲपला वाटतं आपण निघून गेलो, आणि ते दार लावून घेतं. परत गेलात तर नवा आकडा. हा खेळ जिंकायचा एकच मार्ग आहे: निरोप उघडायचा नाही, वरच्या वर डोकावतो तेवढ्यात वाचायचा आणि पुटपुटत राहायचा. बँकेत जाऊन मी ही अडचण सांगितली तेव्हा तिथला तरुण अधिकारी म्हणाला, "मॅडम, बाकी कुणाची तक्रार नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

कलम चौथं: जुने हिशेब

ऑफिसात मला मागून "सासूबाई" म्हणत. मला माहीत होतं. कुणी कितीही मन लावून स्वयंपाक करो, मी मीठ कमी म्हणणारच, असा त्याचा अर्थ. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना माझा पाणी प्यायचा मोठा मग. सासूने दिलेला म्हणून जपून वापरावा.

"ऑर्डर रद्द करायची आहे का?" असं विचारून खाली "ठीक" आणि "रद्द" अशी दोन बटणं ज्या कुणी भल्या माणसाने ठेवली, तो सापडल्यास त्याला माझा चष्मा द्यावा. फिकट राखाडी पार्श्वभूमीवर थोड्या गडद राखाडी अक्षरांत सूचना लिहिणाराही त्याचाच भाऊ असावा. दोघांनी आलटून पालटून लावावा.

लेबलं छापायचं माझं छोटं यंत्र शेजारच्या घड्याळजींना आधीच देऊन टाकलं आहे, ते यात धरू नये. ते घड्याळं दुरुस्त करतात आणि कुणाचं कुठलं ते विसरतात. लाल पेन लेकीला. तिला माझी जीभ मिळालेली आहेच, हत्यारही असू दे.

कलम पाचवं: हे

आता मुद्द्याचं. आमची ओळखच भांडणातून झाली. हे प्रोग्राम लिहायचे, मी तो मोडून बघायची. पहिल्याच दिवशी मी ह्यांच्या फॉर्ममध्ये माझ्या आजीचं वय भरलं, एकशे तीन. सगळं कोसळलं. हे उठून आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझ्याकडे तर चालतंय."

मी म्हटलं, "तुमच्याकडे शंभरी ओलांडलेलं कुणी नसेल."

हे हसले. त्या हसण्यावर मी भाळले, हे आता लिहून टाकायला हरकत नाही. पुढे सगळा संसार ह्यांनी त्या एका वाक्यावर रेटला. ताप आला, "माझ्याकडे चालतंय." बूट चावतोय, "चालतंय." दुधात साखरेऐवजी मीठ पडलं, घोटभर पिऊन म्हणाले, "चालतंय की." तक्रार करायचं खातं घरात माझ्याकडे होतं, आणि मी ते दोघांच्या वतीने अगदी भरभरून चालवलं.

कलम सहावं: चाचणी

मृत्युपत्र ही मोठी विचित्र वस्तू आहे. ते पहिल्यांदा चालू होतं तेव्हा लिहिणारी गेलेली असते. चूक निघाली तर विचारणार कुणाला? चालवून पाहिल्याशिवाय मी आयुष्यात कशावर सही केली नाही. म्हणून या मृत्युपत्राचा पहिला खर्डा मी जिवंतपणीच चालवून पाहिला. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, असं कुणी करत नाही." मी म्हटलं, "म्हणून तर भावंडं कोर्टात भेटतात."

खर्डा ह्यांच्या हातात दिला. त्यात नळाची, कुलपाची, बँकेची, सगळी माहिती होती. पाहिजे तिथे लेबलं चिकटवली. मग सांगितलं, "आजपासून आठवडाभर मी नाही असं समजा. फोन नाही, निरोप नाही. काही बिघडलं तर मी आल्यावर सांगा." आणि थोरल्या बहिणीकडे जाऊन राहिले. मुलांनाही मध्ये पडायची मनाई केली. तिकडे माझं कशात लक्ष लागेना. बहीण म्हणाली, "मेलीस ना? मग मेल्यासारखी गप्प बस."

आठवड्याने परत आले. हे दारातच उभे होते, चेहरा असा की परीक्षेत पहिला नंबर आलाय.

"एकही तक्रार नाही," हे म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी चपलाही काढल्या नाहीत. पण खोड ती खोड. मी आत गेले. नळावरचं लेबल कोरडं ठणठणीत, त्याची कडासुद्धा भिजली नव्हती. धुलाईयंत्रात मी जाताना टाकलेले पंचे तसेच होते. कुबट वास येत होता.

"अहो, गीझर?"

"लागलाच नाही. गार पाण्याने बरं वाटतं."

"आणि कपडे?"

"दोन शर्ट पुरतात एका माणसाला. हातानेच धुतले."

"बाहेर गेला होतात?"

"कशाला? कुलूप नाही उघडलं तर परत आत कसा येणार?"

"जेवलात काय?"

"पाव होता की."

"आणि संध्याकाळी दिवे?"

"एवढा एक दिवा लागतो. तिथेच बसायचो." खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवून हे म्हणाले, "पण बिघडलं काहीच नाही हं. लिहून घे."

मी तिथेच खाली बसले. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींत पहिलं काय हे सांगता येत नाही. ज्या वस्तूची एकही तक्रार येत नाही ती उत्तम असते असं नाही. बहुतेक वेळा ती कुणी वापरतच नसतं. हे मी ऑफिसात नव्या पोरांना घसा कोरडा होईपर्यंत शिकवलं, आणि माझ्याच घरात एक माणूस आठवडाभर काहीही न वापरता राहिला. घर वापरलं नाही, पाणी वापरलं नाही, दिवससुद्धा वापरले नाहीत.

चिरंजीव फोनवर म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना? बाबांना जमणार नाही."

चूक. ह्यांना सगळं जमतं, मी समोर उभं राहून करून घेतलं. नळ जमला, यंत्र जमलं, बँकेचा आकडासुद्धा पुटपुटत जमला. तुझ्याकडे आले तरी हे तुझ्या खिडकीजवळ खुर्ची ओढून "चालतंय" म्हणत बसतील, बाळा. दोष घरात नाही आणि ह्यांच्यातही नाही. दोष माझ्या खर्ड्यात होता. मी ह्यांना घर दिलं, किल्ली दिली, माहिती दिली. तक्रार ऐकायला माणूस द्यायचं राहिलं.

कलम सातवं: दुरुस्ती (हे कलम बाकी सर्व कलमांच्या वर समजावं)

माझ्यामागे ह्यांनी रोज लेकीला फोन करून निदान एक तक्रार करावी. नळाची, लिफ्टची, शेजाऱ्यांची, हवेची, माझी, कशाचीही चालेल. लेकीने ती ऐकावी. सोडवलीच पाहिजे असं नाही. रविवारी लेकीऐवजी चिरंजीवांनी ऐकावी आणि ऐकताना "मग इकडे या" असं म्हणू नये.

हे कलम वाचून लेक म्हणाली, "आई, बाबा आणि तक्रार? पायात खिळा घुसला तरी ते चालतंय म्हणतील."

म्हणूनच पुढची अट. ज्या दिवशी हे फोनवर म्हणतील, "सगळं ठीक आहे, एकही तक्रार नाही," त्या दिवशी लेकीने हातातलं काम टाकून निघावं. दुसरी किल्ली तिच्याकडे असेल. येऊन गीझर लावावा, सगळे दिवे लावावेत, ह्यांना गरम जेवू घालावं आणि भांडावं. भांडण कशावरून काढायचं ते तिला सांगायला नको.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. लाभ मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, असं त्या म्हणतात. म्हणून ह्यांची साक्ष घेतलेली नाही. मात्र सवय आजपासूनच लागावी यासाठी ह्यांच्या पहिल्या तक्रारीला खाली मोकळी जागा सोडली आहे. चौकट आखलेली नाही. हवं तेवढं लिहावं.

हे सर्व मी वाचून, मोडून, जोडून, पुन्हा वाचून राजीखुशीने सही करत आहे.

सही: (पूर्ण नावाची, समासाबाहेर गेलेली)

साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळजी. सही केली, वेळही टाकली, ती पुढे आहे.

साक्षीदार दुसरे: मला तपासणारे डॉक्टर. सही वाचता येत नाही, म्हणजे त्यांचीच आहे.

स्थळ: आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल, ज्याचा एक पाय आखूड आहे.

दिनांक: पाच जून, सन दोन हजार पंचवीस. महिना अक्षरांत लिहिला आहे, म्हणजे पाच आधी की सहा आधी हा वाद नको. वर्षाचे चारही आकडे घेतले आहेत. दोनच लिहिल्याने काय धांदल उडते ते आमच्या पिढीने पाहिलंय.

तक्रारीसाठी जागा:

सगळं वाचलं. नळाचं कलम बरोबर आहे. मिठाच्या दुधाचं खरं आहे, पण ते तुला अजून आठवत असेल असं वाटलं नव्हतं. तक्रार एकच. पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत तूच आधी जाणार असं धरून चालली आहेस.

माझ्याकडे हे चालत नाही.