चारशे ग्रॅम कमी

आण्णा, परवा साताऱ्यात किलोवर पुस्तकं विकणाऱ्यांचं प्रदर्शन लागलं होतं आणि गल्ल्यावर तोच माणूस बसला होता. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, पण वजन वाचून झालं की चष्मा कपाळावर सरकवायची सवय तीच. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी दोन पोरांची आई, कचेरीत बसून लोकांना उद्या या म्हणणारी बाई. पण तिथं उभ्या उभ्या मी पुन्हा सांगलीच्या कॉलेजातली पहिल्या वर्षाची पोरगी झाले. म्हणून हे लिहायला बसले.

त्या दिवशी शिष्यवृत्ती हातात आली होती. तुम्ही म्हणालात, "तुजं हायती, उडीव. फकस्त कशावर उडीवलं त्ये मला सांगू नगंस, तरास हुतो." मग काय, मी, तासगावची मैत्रीण आणि मिरजेची मैत्रीण, अशा तिघी निघालो. सिटी बस समोर उभी असताना रिक्षा केली, तीही उगाच लांबच्या रस्त्यानं. तिघींनी एकसारखे कानातले घेतले आणि तिघींनाही ते शोभले नाहीत. भेळ खाल्ली. मिरजेची जैनाघरची, तिनं कांदा-बटाटा नको म्हणून वेगळी सांगितली, आणि ती संपवून आमच्या भेळेतला कांदा बाजूला सारत आमचीही संपवली. वर आइस्क्रीम. इतकं झाल्यावर एका मंगल कार्यालयावर फलक दिसला, पुस्तकं किलोवर. मला तर हसूच आलं. आमच्या घरात हळद किलोवर, माणसाची अक्कलही तुम्ही किलोवरच सांगायचात, आता पुस्तकंसुद्धा.

आत दोन तास गेले. शब्दकोश घेतला, प्रवासवर्णनं घेतली, आईला खूश करायला लोणच्यांचं पुस्तक घेतलं. आणि एक कादंबरी. तिच्या मुखपृष्ठावर पाठमोरी बाई आणि पाठीवर काही म्हणता काही नाही. मी ती चार वेळा उचलली, चार वेळा ठेवली. गल्ल्यावरचा माणूस बघत होता. शेवटी शब्दकोशाखाली दडवून ती त्याच्या काट्यावर ठेवली. बरोबर पाच किलो भरलं. त्यानं बिल लिहिलं आणि चष्मा वर सरकवला. बाहेर आल्या आल्या मी ती बाई तासगावच्या मैत्रिणीच्या पिशवीत घातली. ती होस्टेलवर राहायची, तिला विचारणारं कोणी नव्हतं. माझ्याआधी वाचलीस तर बघ, एवढा दम तेवढा भरला.

मी काय विसरले होते, तर माझा बाप कोण आहे ते. मार्केट यार्डात तुम्ही हळदीचे तोलार. तुम्ही तोललं म्हणजे शेतकरी आणि व्यापारी दोघंही काट्याकडं बघायचे नाहीत, असं तुमचं नाव. घरात येणारी वस्तू दाराच्या कडीला टांगलेल्या ताणकाट्याला लावल्याशिवाय तुम्ही आत येऊ द्यायचा नाहीत. कलिंगड, फराळाचे डबे, एकदा तर मावशीचं दीड महिन्याचं बाळ टॉवेलात बांधून.

मी उंबऱ्यात येते. तुम्ही माझ्या हातातली पिशवी घेता, नुसती उचलता आणि तिथंच थबकता.

"किती म्हनला त्यो?"

"पाच किलो."

"न्हाई."

मग ताणकाटा. चार किलो सहाशे. बिल बघितलंत, पुन्हा काटा बघितलात. "चारशे गरॅम मारलं की गं."

आई म्हणाली, "आवं, पुस्तकं हायती, हळद न्हवं."

"माप हाय न्हवं?" तुम्ही म्हणालात आणि सदरा शोधायला लागलात. कसंबसं दुसऱ्या दिवसावर ढकललं. रात्रभर माझा जीव टांगणीला. जन्मात कधी खोटं वजन न सांगितलेला माणूस माझ्यापायी एका सरळ माणसाला चोर म्हणायला निघाला होता. त्याला थांबवायला माझं एक वाक्य पुरलं असतं, आणि ते काही तोंडातून निघेना.

दुसऱ्या दिवशी हळदीनं पिवळ्या झालेल्या पिशवीत ताणकाटा घालून तुम्ही पुढं, मी मागं. भर प्रदर्शनात तुम्ही पुस्तकं टांगलीत. बायका-पोरं गोळा झाली. तो म्हणाला, "काका, आमचा काटा इलेक्ट्रॉनिक आहे." तुम्ही म्हणालात, "आसू द्या की. त्येच्यावर बी ठिवा." त्याच्यावरही चार सहाशेच भरलं. म्हणजे काटे दोन्ही खरे आणि बिल खोटं. त्यानं पिशवीतलं एकेक पुस्तक बाहेर काढलं, पुन्हा आत ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं, आण्णा. मी छताचा पंखा बघत होते. तो बंद होता.

"माझ्याच हातून चुकलं, काका," तो म्हणाला. "चारशेचं काहीही घ्या."

मग तुम्ही काट्यापाशी ठाण मांडलंत. योगासनांचं पुस्तक साडेसहाशे भरलं. तो म्हणाला न्या, तुम्ही म्हणालात, "आमचं चारशेच, जास्तीचं नगं." अर्धा तास शोधून शेळीपालनाचं एक सापडलं, तीनशे ऐंशी. त्यावर बडबडगीतांची पातळ चोपडी ठेवल्यावर चारशे भरलं. आपल्याकडं शेळी कधीच नव्हती. परतताना सायकल हातात धरून चालता चालता तुम्ही म्हणालात, "मानूस लय चांगला गं. चूक झाली म्हनला. बाजारात इतकी वर्सं काडली, आसं म्हननारा घावला न्हाई."

त्यावेळी तरी बोलायला हवं होतं. पण तुम्ही ती गोष्ट यार्डभर सांगितलीत, त्याचं कौतुक म्हणून. यार्डानं तिचा अर्थ भलताच घेतला आणि पुढचे दोन दिवस हमाल मंडळी पोरांना पुस्तकं घ्यायला गेली ती आपापले ताणकाटे घेऊन.

परवा त्या माणसाला मी सगळं सांगितलं. त्याला काही आठवेना. ऐकून पोट धरून हसला आणि म्हणाला, "मग ताई, आमचे चारशे ग्रॅम परत द्या." मी तीन किलो पुस्तकं घेतली, पण ते शेळीपालन काही देणार नाही म्हटलं. ते माझ्या आण्णांनी निवडलंय.

तुम्हाला का सांगितलं नाही, त्याचं एक चांगलं कारण मी जपून ठेवलंय. तुम्ही रागावला नसतात. तुम्ही तसेच उलट पावली परत गेला असतात आणि सगळ्या लोकांसमोर त्या माणसाला हात जोडले असतेत, माझ्यासाठी. ते मला बघवलं नसतं. नवऱ्याला मी हेच सांगते, आणि माझे डोळे भरून येतात, तेही खरे. पण हा कागद कुठं जायचा नाही, तर तुमच्याशी कशाला खोटं बोलू? मी बोलले असते, तर तुम्ही ती कादंबरी मागवून घेतली असतीत, आणि मला ती आधी वाचायची होती.